तुम्हाला काय ऐकू आलं?

आमच्या केंद्रप्रमुखांच्या मोटरसायकलचा आवाज मी तीन वर्षांत एकदाही ऐकला नाही. गाडी ते पाड्याच्या खाली नाल्यापाशी लावत आणि उरलेला चढ पायी चढून येत. "गाडीचा आवाज आला की शाळा सुरू होते. मला आधीपासून सुरू असलेली शाळा बघायची असते," असं त्यांचं म्हणणं. न सांगता येणारा साहेब म्हटल्यावर त्याला पकडापकडीचा नाद असणार, असं कोणालाही वाटेल. पण ते पकडत काहीच नसत. दाराबाहेर चपला काढत, वर्गाला नमस्कार करत आणि शेवटच्या रांगेत मुलांच्या बरोबरीने फरशीवर मांडी घालून बसत. गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे बसताना एकदा आणि उठताना दोनदा "आई गं" म्हणत. तपासणी म्हणाल तर एवढीच.

केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांच्या वरचा माणूस. त्याने शाळांना भेटी द्यायच्या, शिक्षकांना मार्गदर्शन करायचं आणि ते केल्याचं प्रत्येक शाळेच्या शेरेबुकात लिहून सही करायची. 'फलकलेखन सुंदर. पाढे पाठ करून घ्यावेत. परिसर स्वच्छ ठेवावा.' हे तीन शेरे मी इतक्या शाळांच्या शेरेबुकांत वाचलेत की ते छापूनच का देत नाहीत, असं मला नेहमी वाटायचं. आमच्या साहेबांचे शेरे मात्र कोणाला छापता आले नसते. 'खिडकीजवळच्या निळ्या फ्रॉकवाल्या मुलीशी आज कोण बोललं?' खाली सही, शिक्का. 'गणित चुकल्यावर मुलगा हसला. का?' सही, शिक्का. एका शाळेत तर नुसतंच लिहिलं होतं, 'मॅडम आज दमलेल्या होत्या का?' त्या मॅडमनी शेरा वाचला, दार लोटून घेतलं आणि पाच मिनिटं रडून घेतलं, असं त्यांनीच मला सांगितलं.

वरच्या कार्यालयाला हे पसंत नव्हतं. 'शेऱ्यामध्ये एकही सूचना आढळून येत नाही' म्हणून त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं : 'कार्यालयाने मला कारण विचारले, याबद्दल आभारी आहे. आपण समक्ष ऐकून घेणार असाल तर केव्हा येऊ?' कार्यालयाने पुन्हा काही विचारलं नाही. आमच्या केंद्रात त्यांना पाठीमागे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. ते त्यांना माहीत होतं. "सोडवायला सोपी आहे की अवघड?" असं त्यांनी एकाला तोंडावर विचारलंही.

ऐकायला बसण्याआधी ते खडीसाखरेचा खडा तोंडात टाकत. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा स्वतःशी केलेला करार. समोरचा शिक्षक बोलून थांबला तरी यांचा खडा शिल्लक असे. मग तो बिचारा अवघडून आणखी बोले, आणि खरं काय ते त्या दुसऱ्या हप्त्यात बाहेर येई. पुढे डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा ते आवळासुपारीवर आले. ती जास्त वेळ पुरते. शिक्षकांचे हाल वाढले.

दर महिन्याला केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची परिषद भरते. एरवी तिथे कोणीतरी परिपत्रक वाचतं आणि बाकीचे मोबाइल वाचतात. साहेबांनी एकदा आम्हाला जोडीजोडीने बसवलं. एकाने आपली अडचण पाच मिनिटं सांगायची आणि दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. आमच्यात एक ज्येष्ठ गुरुजी होते, त्यांच्याकडे जगातल्या कुठल्याही अडचणीवर इलाज तयार असे. समोरचा "माझ्या वर्गात..." एवढंच म्हणाला आणि गुरुजी म्हणाले, "अहो, तसं करायचंच नाही मुळी!" ते उठले, चहा करून आले, बसले आणि पुन्हा तेच. त्या दिवशी सात वेळा चहा झाला. आठव्या खेपेला गुरुजींनी तोंडावर रुमाल धरून पाच मिनिटं काढली. संपल्यावर कपाळ पुसत म्हणाले, "हे तर फार अवघड आहे हो. मी तेहतीस वर्षं नोकरी केली, आजवर कोणाचंच ऐकलेलं दिसत नाही."

यावरून कोणी समजेल की साहेब साध्या गोष्टीलाही आडवे लागत. तसं नव्हतं. एका शिक्षकाच्या शाळेचं छत गळत होतं आणि अर्ज कोणाकडे करायचा हे त्याला हवं होतं. साहेबांनी सांगितलं, वर स्वतःच अर्ज लिहून दिला आणि पोचही आणून दिली. "पत्ता विचारला तर पत्ता सांगायचा असतो," ते मला म्हणाले. "पण वर्गात काय करू, असं कोणी विचारलं तर मी काय सांगणार? वर्गात मी असतो का?"

माझी त्यांची पहिली गाठ भांडणात पडली. मी मूळची शहाद्याकडची. नेमणूक मिळाली ती धडगावच्याही पुढे, डोंगरातल्या पाड्यावर. चौथीपर्यंतची शाळा, एकवीस मुलं, शिक्षकांची दोन पदं आणि त्यातलं एक कायम रिकामं. मी धडगावात खोली घेऊन राहायची, शनिवारी शाळा सुटली की जीपमध्ये कोंबून घेऊन घाट उतरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. चार वर्षांची माझी मुलगी स्वरा नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे शहाद्याला राहिली. तीन वर्षं अवघड क्षेत्रात काढली की बदली मागता येते, तेवढी काढायची, असं आमचं घरात ठरलेलं.

पहिल्या वर्षी माझा वर्ग इतका शिस्तीचा होता की मला स्वतःचं कौतुक वाटायचं. मुलं हलत नसत, भांडत नसत. "समजलं का?" म्हटलं की एकवीस तोंडांतून एकदम "हो मॅडम!" साहेब पहिल्यांदा आले, तासभर मागे बसले आणि मग म्हणाले, "मी मुलांना दोन प्रश्न विचारू का?" मी मोठ्या दिमाखात हो म्हटलं.

"तुमच्या शाळेत हत्ती आहे का?"

"हो सर!"

"तो काल मला चावला का?"

"हो सर!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मुलांचे आभार मानले, दोनदा "आई गं" म्हणत उठले आणि मला बाहेरच्या महूच्या झाडाखाली घेऊन गेले. खडीसाखर तोंडात टाकण्याआधी एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय ऐकू आलं?"

मला जे ऐकू आलं ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी भांडले. तुम्ही मुलांसमोर माझा अपमान केलात, म्हटलं. ही मुलं घरी पावरी बोलतात, मला पावरीचा एक शब्द येत नाही, त्यांना मराठीचा येत नाही, आणि हे नेमणुकीच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही. पुस्तकात आगगाडी आहे, इथे कोणी जीपशिवाय काही पाहिलेलं नाही. मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? माझी पोर तिकडे तापाने फणफणलीय आणि मी इथे एकवीस 'हो' मोजत बसलेय. हे सगळं मी एका दमात बोलले. ते ऐकत होते. मी थांबले, त्यांचा खडा संपला नव्हता, म्हणून मी आणखी बोलले. शेवटी ते म्हणाले, "ही मुलं एकमेकांशी केव्हा बोलतात?"

मला माहीत नव्हतं. चार महिने मी त्या मुलांबरोबर होते आणि मला हे माहीत नव्हतं. याची मला फार लाज वाटली.

पुढचा आठवडा मी नुसतं ते बघत राहिले. मुलं बोलत ती खिचडीच्या चुलीपाशी. तिथे मोगीताई खिचडी शिजवत आणि मुलं ताटं घेऊन भोवती जमत. तिथे तीच मुलं भांडत, एकमेकांची नक्कल करत, मोगीताईंना टोमणे मारत. मी जवळ गेले की सगळं बंद. मग मी एक दिवस माझं ताट घेऊन त्यांच्यात बसले, पळी उचलली आणि मोगीताई तिला जे म्हणतात ते म्हणून पाहिलं. इतकं वाईट म्हटलं की मोगीताईंनी पदर तोंडाला लावला. रमिला नावाची पहिलीतली मुलगी चार महिने माझ्याशी 'हो'च्या पलीकडे बोलली नव्हती. ती उठून उभी राहिली, माझ्या हातातून पळी घेतली आणि तो शब्द मला सावकाश, एकेक अक्षर तोडून, ठोंब्याला सांगावं तसा सांगितला. मी पुन्हा चुकले. तिने कपाळावर हात मारून घेतला. तो हात मारणं हुबेहूब माझं होतं.

त्यानंतर रोज अर्धा तास मुलं मला शिकवत आणि मग मी त्यांना. माझे उच्चार सुधारले नाहीत, पण मुलांचं मराठी सुधारलं. त्यांना माझ्यावर रागवायचं तर मराठीतच रागवावं लागे. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा 'शाब्बास' म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "आणि ज्याला तुम्हालाही रागवायची भीती वाटते, तो कुठे बसतो?" त्या माणसाकडून शाब्बासकी मिळवणं म्हणजे खडकातून पाणी काढणं.

तिसरं वर्ष संपत आलं. बदलीचा ऑनलाइन फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. घरात सगळ्यांनी धरलंच होतं की मी भरणार. मीही धरलं होतं. पण उसाला गुजरातेत गेलेली घरं होळीला परतली, तशी या वेळी त्यांची मुलं दुसऱ्याच दिवशी आपणहून शाळेत आली. माझ्यानंतर इथे कोण येणार? आणि कोणी आलंच तर तो 'समजलं का?' विचारेल आणि सगळी परत 'हो' म्हणतील. हे डोळ्यांसमोर आलं की माझा हात फॉर्मवरून मागे येई.

त्याच संध्याकाळी मी स्वराला फोन केला. जेवलीस का? हो. शाळेत मजा आली का? हो. आजीला त्रास नाही ना देत? हो. पलीकडून सासूबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "पोर लई शानी शे आपली. काही मांगत नही, काही बोलत नही." डोंगरातल्या एकवीस मुलांचं मी ऐकायला शिकले होते आणि माझी सात वर्षांची मुलगी तीन वर्षं मला काय ऐकवत होती, ते मला त्या दिवशी ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी धडगावला कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी साहेबांना गाठलं. त्यांनी नुकतीच आवळासुपारी तोंडात टाकली होती. मी म्हटलं, "सर, आज मला प्रश्न नको. फॉर्म भरू की नको, ते एका शब्दात सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

त्यांनी तोंडातली आवळासुपारी काढली, कागदात गुंडाळली आणि खिशात ठेवली. तीन वर्षांत असं मी पहिल्यांदा पाहिलं. ऑफिसातली मराठी गळून पडली आणि ते घरच्यासारखं बोलले, "ताई, माले माहीत नही."

"असं कसं माहीत नाही? आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हाला उत्तर येत असतं. तुम्ही ते मुद्दाम आमच्याकडून काढून घेता."

ते हळूच म्हणाले, "तुमले असं वाटे? मी परीक्षा लेस असं?"

"हो."

"माले माहीत ऱ्हातं तर मी कसाले इचारतू?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "मला त्या वर्गातलं काहीच माहीत नसतं हो. खरंच माहीत नसतं."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्यांना भारी हुशार समजून त्यांच्यावर चिडत होतो आणि हा माणूस सरळ साधं विचारत होता. चहा गार झाला. मी त्यांना स्वराच्या फोनचं सांगितलं, रमिलाचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. शहाद्याच्या दोन जीपा माझ्या डोळ्यांदेखत भरून निघून गेल्या. माझं सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "या दोन्हींतलं तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला जमेल असं काय आहे?"

"शाळा," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मला रडू फुटलं. टपरीवाल्याने न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

माझं रडणं आटपेपर्यंत ते थांबले. मग खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "मग शाळेचं मला सांगा. काय काय करायचं? लिहून घेतो."

मी सांगितलं. पहिला अर्धा तास पुस्तक उघडायचं नाही. चुलीपाशी बसायचं, खाली बसायचं, खुर्ची घ्यायची नाही. वस्तू हातात घेऊन पावरीत नाव घ्यायचं. मुलं हसली तर हसू द्यायचं. 'समजलं का' हे शब्द त्या शाळेत उच्चारायचे नाहीत. रागवायलाही घाबरणारा जो दरवाज्यामागे बसतो त्या मुलाला कधी पुढे बोलवायचं नाही, आपण जाऊन त्याच्याशेजारी बसायचं. ते एकेक ओळ लिहीत होते, मान डोलवत होते आणि मध्येच "जरा सावकाश, मॅडम" म्हणत होते. माझ्या हुद्द्याच्या बाईने केंद्रप्रमुखाला पानभर सूचना दिल्याचा प्रकार आमच्या तालुक्यात बहुधा तो एकच असावा.

मी फॉर्म भरला. मेमध्ये बदली झाली. त्याच महिन्याच्या शेवटी साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते काय बोलले, तर "आता तुम्ही बोला" म्हणून खाली बसले.

माझ्या जागी एक शिक्षक नेमला गेला, तो हजर झालाच नाही. जूनमध्ये शाळा उघडायची वेळ आली तरी शिक्षक नाही. शेवटी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला आठवड्यातून तीन दिवस तिकडे जायला सांगण्यात आलं. हे मला साहेबांच्या बायकोने फोनवर सांगितलं. त्यांना मी कधी भेटले नव्हते, पण नंबर शोधून त्यांनी मला फोन केला होता. "रिटायर व्हयनात ना हाई? मंग परत डोंगरमा कसाले जाई ऱ्हायनात? तुमी काय सांगं त्यासले?" उरलेले तीन दिवस आमचे साहेब रीतसर परवानगी काढून, बिनपगारी, त्या पाड्यावर जाऊन बसत होते. मी काय सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणीसन घरमा बी पळी हातमा लीसन बडबडी ऱ्हायनात."

शहाद्याला येऊन मला दीड महिना झाला होता. स्वरा माझ्याशी नीट वागत होती. फार नीट. विचारलं की हो, दिलं ते खाल्लं, सांगितलं की झोपली. मीही शहाणपणाने तिच्या मागे लागले नाही, पण आतून पार खचले होते. एका संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकली होती आणि ती ओट्याशेजारी खाली बसून वहीत काहीतरी काढत होती. मोगीताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला होता. मी तो लावला.

आधी भांड्यांचा आवाज. मग साहेबांचा, एक पावरी शब्द अडखळत उच्चारणारा. मग एकवीस मुलांचा गदारोळ. वर रमिलाचा आवाज, शब्द तोडून तोडून सांगणारा. साहेबांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकले, पुन्हा गदारोळ. मध्येच "आई गं" असं एकदा ऐकू आलं, म्हणजे ते बसत असावेत. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

स्वराने वहीतून मान वर केली. "हे कोण आहेत?"

"माझे सर."

"मोठे आहेत?"

"म्हातारे आहेत."

"त्यांचं चुकलं ना?"

"चुकलं."

तिने पेन्सिलीचं टोक वहीवर दोनदा टेकवलं. मग म्हणाली, "मग त्यांना कोणी मारत का नाही?"

तोंडात आवळासुपारी नव्हती, पण मी गप्प राहिले. तिने पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या शाळेत ना," ती म्हणाली आणि थांबली. मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले.